दोन चलांची लिमिट: सरळ रेषांवर विसंबू नकोस

लिमिट म्हणजे बिंदूजवळ जाताना फंक्शनची किंमत जिकडे झुकते ती संख्या. एका चलात डावी आणि उजवी बाजू जुळली की लिमिट आहे. दोन चलांत बिंदूकडे जाणाऱ्या वाटा अगणित, त्यामुळे य = मक्ष (मूळबिंदूतून जाणारी, म चढाची सरळ रेषा) घालून उत्तर सारखं आलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. क्ष²य / (क्ष⁴ + य²) घे. मूळबिंदूकडे कुठल्याही रेषेवरून गेलास तरी ० येतं, पण य = क्ष² या परवलयावरून १/२. लिमिट नाहीच! (परीक्षकांचं हे लाडकं उदाहरण.)

वाटा फक्त लिमिट नाही हे दाखवायला वापर. आहे म्हणायचं तर वरून बंधन घाल: क्ष²य / (क्ष² + य²) चं निरपेक्ष मूल्य (चिन्ह सोडून किंमत) |य| पेक्षा मोठं होत नाही आणि |य| ० कडे जातं, म्हणून लिमिट ०. मूळबिंदूवर किंमतही ० ठेवलीस की फंक्शन तिथे संतत, म्हणजे लिमिट आणि किंमत एकच.