वाचकांचे प्रश्न: दुखणाऱ्या मांड्या, नडगी आणि उपाशीपोटी फिरणं

ताई, रविवारी मित्रांबरोबर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड केला. चढताना दम लागला पण मजा आली. सोमवारी थोडंच दुखत होतं, मंगळवारी मात्र ऑफिसचा जिना रेलिंग धरून आडवा आडवा उतरलो. मित्र म्हणतोय लॅक्टिक ॲसिड साठलंय, परत पळ म्हणजे निघून जाईल. खरंय का? (वय ३४, बाणेर)

नाही हो. लॅक्टिक ॲसिडला उगाच बदनाम केलंय लोकांनी, ते साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं, मंगळवारपर्यंत थांबायला ते शिल्लकच नसतं. तुमच्या मांड्या दुखतायत त्या चढण्यामुळे कमी आणि उतरण्यामुळे जास्त. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजनही धरून ठेवत असतो, त्यात त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग सूज येते आणि ती दुखते. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं म्हणून सोमवारपेक्षा मंगळवार वाईट गेला.

परत पळू नका, पण पलंगावर पडूनही राहू नका. सपाटीवर हळूहळू चाला, नीट जेवा, झोप काढा, ४-५ दिवसांत उतरेल. पुढच्या वेळी त्रास कमी व्हायला हवा असेल तर आठवड्यातून दोनदा पर्वती चढा, आणि १०३ पायऱ्या उतरताना धाडधाड उतरू नका, सावकाश उतरा, कारण खरा सराव उतरण्याचाच हवाय. एकदा उतरायची सवय झाली की स्नायू ती काही आठवडे लक्षात ठेवतो. आणि गडावर पिठलं-भाकरी, दही सगळं खा, फक्त लगेच उतरायला लागू नका, जरा बसा.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, स्नायू जास्त तुटून किडनीवर भार आलेला असू शकतो. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर ते गडाचं दुखणं समजून मालिश करत बसू नका, शिरेत गाठ झालेली असू शकते, तेव्हाही लगेच दाखवा.

ताई, मी गावाकडून पोलीस भरतीच्या तयारीसाठी पुण्यात आलेय, सदाशिव पेठेत रूम आहे. रोज सकाळी रस्त्यावर पळते, ८०० मीटरचं टायमिंग कमी करायचंय म्हणून वजनही उतरवलं. महिनाभर नडगी दुखतीय, आधी पळताना दुखायची, आता रात्री झोपल्यावर पण ठणकते. सर म्हणतात सहन कर, सवय होईल. तीन महिने पाळी पण आलेली नाही, मैत्रिणी म्हणतात ग्राउंड तोंडावर आलंय तर बरंच झालं. (वय २०)

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आजपासून पळणं थांबव, आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखव. असं का म्हणतेय ते सांगते.

नडगी दुखायचे दोन प्रकार नेहमी बघायला मिळतात. नडगीच्या आतल्या कडेवरून बोटाने दाबत खाली गेलं की चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखतं, पळायला सुरुवात केली की जास्त आणि अंग गरम झालं की कमी, तो हाडाच्या आवरणाला ताण आल्याचा प्रकार, पळणं कमी केलं की सुधारतो. दुसऱ्या प्रकारात बोट एकाच जागी, नाण्याएवढ्या ठिकाणी टेकवलं की कळ जाते, चालतानाही दुखतं, आणि रात्री ठणकतं. ही हाडाला पडलेली बारीक चीर असू शकते. तुझं रात्रीचं ठणकणं मला म्हणून आवडलेलं नाही. उड्या मारून खात्री करू नकोस. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचार. चिरेवर पळत राहिलीस तर हाड पूर्ण मोडू शकतं, मग ही भरती गेलीच समज.

आता पाळीचं. बरं झालं नाही गं, अजिबात नाही. पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळीचा खर्च बंद करतं, आणि पाळीबरोबर हाडं घट्ट ठेवणारं इस्ट्रोजेनही कमी होतं. म्हणून पाळी बंद आणि नडगी दुखणं ही मला दोन वेगळी दुखणी वाटत नाहीत. तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटच, थायरॉईड, पीसीओडी, गर्भधारणा हे सगळं आधी तपासावं लागतं आणि त्यात लाजायचं काही नाही.

मेसच्या डब्यात दोन पोळ्या, पातळ आमटी आणि चिमूटभर भाजी एवढंच असतं, त्यावर कोणी भरतीची तयारी करू नये. पोळी-भात वाढव आधी, भाकरीला घाबरू नकोस. वजन ५० किलो धरलं तर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. त्यासाठी महाग डबा लागत नाही, मूठभर शेंगदाण्यात ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, ग्लासभर दुधात ६, आणि ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. रूमवर मोड आलेली मटकी तर फुकटात पडल्यासारखीच आहे.

सरांना हा कागद दाखव हवं तर. डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर बसून गोळाफेकीचा हाताचा सराव, पोटाचे व्यायाम, सायकल हे चालू ठेवता येईल, दम टिकून राहतो. अर्धा तास चालून काहीच दुखलं नाही की मग डॉक्टरांना विचारून मातीच्या ग्राउंडवर थोडं पळ थोडं चाल असं सुरू कर, डांबरी रस्त्यावर लगेच नको.

पोटावर प्लॅस्टिकचा पट्टा बांधून ट्रेडमिल केलं तर पोट कमी होतं का? (हडपसर)

नाही. घाम म्हणजे पाणी, दोन ग्लास प्यायलात की वजन परत जागेवर. एकाच जागची चरबी निवडून काढता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात अशाने चक्कर येते, तो पट्टा काढून ठेवा.

बाबा ६३ वर्षांचे, शुगर आहे. रोज पहाटे तळजाईवर उपाशीपोटी दीड तास फिरतात. कधी कधी हात थरथरतात, दरदरून घाम येतो. ते म्हणतात चालल्याने होतं. (सहकारनगर)

आज संध्याकाळी बाबांच्या गोळ्यांची स्ट्रिप वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जाण्याची शक्यता कमी असते, पण ग्लिमेपिराइड असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी दीड तास ही जोखीम आहे आणि ही लक्षणं शुगर कमी झाल्याची असू शकतात. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर बघा, ९० च्या खाली असेल तर आधी केळं किंवा दोन-तीन बिस्किटं खाऊनच निघू द्या. थरथर सुरू झाली की बसायचं, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा प्यायची. गोळ्या मनाने बंद करू नका, डोस आणि वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या. चालताना छातीत दाब किंवा जबड्यात, डाव्या हातात दुखणं आलं तर मात्र साखर देत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि फिरणं थांबवायला सांगू नका त्यांना. साखरेची पुडी खिशात, कोणीतरी सोबत, आणि घरी आले की तळपाय बघायचे, शुगरवाल्यांना चप्पल लागून झालेली जखम कळतच नाही.