झोपलेल्या एचआयव्हीवर काम करायचंय? नीटशिवायही रस्ता आहे

प्रश्न : मी बार्शीची. बारावी सायन्स झाले, पण नीटमध्ये मार्क कमी पडले. शरीरात लपून बसलेल्या एचआयव्हीला औषधाने जागं करून संपवायचे प्रयत्न चालू आहेत, असं वाचलं आणि मला त्यातच काम करावंसं वाटतं. आई म्हणते, असल्या विषाणूच्या जवळ जायचं नाही. बाबांना नोकरीची काळजी आहे. नीट पुन्हा देऊ का?

उत्तर : या कामासाठी नीट पुन्हा देण्याची गरज नाही. यातला मोठा वाटा पेशीशास्त्र, विषाणूशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राच्या माणसांचा आहे. मात्र हे संशोधन कुठवर आलंय, ते आधी समजून घे.

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्यांनी विषाणूची वाढ थांबते आणि माणूस दीर्घ आयुष्य जगतो. पण प्रतिकारशक्तीच्या काही सीडी-4 पेशींच्या डीएनएमध्ये विषाणू शिरून गप्प बसलेला असतो. त्या पेशी विषाणूचं काहीच बनवत नाहीत, म्हणून प्रतिकारशक्तीला त्या ओळखू येत नाहीत. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत तो पुन्हा डोकं वर काढतो. त्याला मुद्दाम उठवायचं आणि ती पेशी मारायची, या पद्धतीला 'शॉक अँड किल' म्हणतात.

2012 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या डॉ. डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने व्होरिनोस्टॅट या कॅन्सरवरच्या औषधाचा एकेक डोस आठ रुग्णांना दिला. त्यांच्या पेशींत विषाणूचा आरएनए (जनुकांवरून पेशीत तयार होणारी प्रत) वाढला, म्हणजे विषाणू जागा झाला. पुढे ब्रिटनमध्ये 60 जणांच्या रिव्हर चाचणीत निम्म्या लोकांना एआरटीच्या जोडीला हेच औषध आणि लस दिली. 2020 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांतल्या लपलेल्या विषाणूच्या साठ्यात फरक नव्हता. विषाणू उठवता येतो, पण उठलेली पेशी मरत नाही आणि सगळे विषाणू एकदम उठतही नाहीत. 2025 मध्ये मेलबर्नच्या डोहर्टी इन्स्टिट्यूटने चरबीच्या सूक्ष्म कणांतून एमआरएनए, म्हणजे पेशीला सूचना देणारा रेणू, पाठवून झोपलेला विषाणू जागा केला. तोही प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये. थोडक्यात, यातला मुख्य प्रश्न अजून सुटलेला नाही. तुझ्यासारख्या मुलीने यात यावं असं मला मनापासून वाटतं, ते यामुळेच.

आईंना सांग, सुरुवातीचं बरंच काम प्रयोगशाळेत वाढवलेल्या जे-लॅटसारख्या पेशींवर होतं. त्यांतला विषाणू पुढे पसरू शकत नाही. तो जागा झाला की पेशी हिरवी चमकते आणि यंत्र ती मोजतं. जिवंत विषाणू बंदिस्त, कडक नियमांच्या प्रयोगशाळेत, प्रशिक्षण घेतलेली माणसंच हाताळतात. आणि हेही सांग, की 1986 मध्ये चेन्नईत भारतातला एचआयव्ही पहिल्यांदा उजेडात आणणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या होत्या.

आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, दिली असशील तर तो पर्याय उत्तम. नसेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी घेऊन बीएस्सी कर. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. प्रॅक्टिकल खरोखर होतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा आहेत. पुण्यात एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विषाणूशास्त्राची एमएस्सी होते, आणि भोसरीची 1992 पासूनची एड्स संशोधन संस्था 'नारी' (आता नाव बदललं आहे) एचआयव्हीवर काम करते. बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत एचआयव्हीच्या भारतात जास्त आढळणाऱ्या सी उपप्रकाराच्या सुप्तावस्थेवर संशोधन झालं आहे. या संस्थांचे लेख वाचायची सवय लाव.

बाबांच्या काळजीत तथ्य आहे. पीएचडी धरून दहाएक वर्षं लागतील. पण नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, त्यामुळे तो काळ पूर्णपणे घरच्यांच्या पैशावर काढावा लागत नाही. पेशी वाढवणं, फ्लो सायटोमेट्री (यंत्राने एकेक पेशी तपासून मोजणं), आरएनए मोजणं ही कौशल्यं लस, कॅन्सर आणि निदानाच्या कंपन्यांतही चालतात. एचआयव्हीत जागा मिळाली नाही, तरी तू रिकामी बसणार नाहीस.

इंग्रजी वाचनाला आजपासून लाग. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी विज्ञान अकादमींच्या समर रिसर्च फेलोशिपला अर्ज कर. दोन महिने प्रयोगशाळेत उभं राहिलीस की हे काम झेपतं का, ते तुझं तुलाच कळेल.