परतायला तेल कोणतं? वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

रोजच्या परतण्या-फोडणीच्या तेलाबद्दल कऱ्हाडपासून जतपर्यंतच्या वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. बहुतेकांचा रोख एकच, ‘सगळ्यात चांगलं तेल कोणतं ते एकदा सांगून टाका.’ सांगलीत माझ्याकडे आहार विचारायला येणारेही हेच विचारतात. त्यांना मी आधी उलट विचारते, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं? तेलाच्या नावाआधी हे ठरलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पुढची उत्तरं वाचताना ते ध्यानात असू द्या.

मुलांना ढोबळी मिरची, कोबी, फरसबी मोठ्या आचेवर परतून करकरीत लागते. मी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरते, पण कढईतून लगेच धूर निघतो आणि डोळे चुरचुरतात. रिफाइंड घ्यावं का? (कऱ्हाड)

ताई, डोळे चुरचुरतात म्हणजे तेल सोसेल त्यापेक्षा जास्त तापलंय. तेलातून सतत धूर यायला लागतो त्या तापमानाला धूरबिंदू म्हणतात. त्यापुढे तेलातलं ग्लिसरॉल फुटून ॲक्रोलिन नावाचा वायू तयार होतो आणि डोळ्यांना, घशाला झोंबतो तो हाच. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा धूरबिंदू साधारण १६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, कारण त्यात दाण्याचे बारीक कण आणि चरबीतून सुटलेली (सुटी) आम्लं शिल्लक असतात. तेच तेल रिफाइंड केलं की धूरबिंदू २३० च्या आसपास जातो. त्यामुळे मोठ्या आचेवरच परतायचं असेल, तर तेवढ्यापुरती रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान (तांदळाच्या कोंड्याच्या) तेलाची लहान पिशवी ठेवा.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नुसता धूरबिंदू बघून तेल निवडू नका. रिफाइंड सूर्यफूल तेलही उशिरा धुरावतं, पण नेहमीच्या सूर्यफूल तेलात साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल, म्हणजे एक बहुअसंतृप्त (तापवल्यावर नाजूक) चरबी असते. ती पोटात जायला वाईट नाही, पण उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं. शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मा भाग एकअसंतृप्त चरबीचा, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बहुअसंतृप्त आणि पाचव्या हिश्श्याच्या आत-बाहेर संतृप्त (तुपात जास्त असते ती). एकअसंतृप्त चरबी ताप जास्त सोसते. राइस ब्रानचीही मांडणी याच्या जवळपासची आहे.

आणि खरं सांगायचं तर तेल न बदलताही तुमचं काम होईल. भाजी धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. कढई लोखंडी किंवा बिडाची घ्या आणि आधी कोरडीच तापवा. (नॉनस्टिक असेल तर रिकामी तापवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो.) मग तेल घाला, कढई फिरवा आणि लगेच कांद्याची एक चकती टाकून बघा. ती फसफसली की भाजी टाका, धुराची वाट बघत थांबू नका. चौघांची भाजी एकदम न टाकता दोन वेळा टाका. एकदम ढीग पडला की कढई गार होते, भाजीला पाणी सुटतं, ती शिजते पण करकरीत होत नाही, आणि मग आपण आणखी तेल ओततो. भाजीत पाणी असेपर्यंत तिचं तापमान शंभराच्या फार वर जात नाही, त्यामुळे मध्यम-मोठ्या आचेवर तुमचं घाण्याचं तेलही पुरतं. धूर आलाच तर गॅस बंद करून कढई बाजूला घ्या. काळपट झालेलं तेल टाकून द्या, त्यात भाजी घालू नका.

आमच्या घरच्या शेंगा आहेत. दाणे काढून लाकडी घाण्यावरून तेल काढून आणतो. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो हे तेल शुद्ध नाही, रिफाइंडच खा. कुणाचं खरं? (तासगाव)

काका, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. रिफाइंड करताना तेलातला चिकट भाग काढतात, क्षार घालून सुटी आम्लं काढतात, मातीतून गाळून रंग उतरवतात आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर वाफ देऊन वास घालवतात. यात दाण्याचा सुगंध जातो, ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, पण चरबीची मांडणी तीच राहते. म्हणजे हृदयाच्या हिशोबाने दोन्ही तेलं सारखीच. रिफाइंड म्हणजे विष नाही आणि घाण्याचं म्हणजे औषध नाही.

फरक पडतो तो दाण्यात. कीड-बुरशी लागलेल्या दाण्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते यकृताला घातक आहे. रिफाइंड करताना क्षाराच्या प्रक्रियेत ते बहुतेक निघून जातं. घाण्यावर तसं काही होत नाही. दाण्यात असलेलं विष तेलात उतरू शकतं. म्हणून घरच्या तेलाची सगळी जबाबदारी घाण्यावर जायच्या आधीच पार पाडावी लागते. खरिपाच्या शेंगा काढायच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ओल्या शेंगांचा ढीग मारून ठेवू नका. शेंग हातात हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, इतकी वाळवा. फोडल्यावर दाणे निवडायला बसा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे आणि कुबट वासाचे दाणे बाजूला काढा. ते ना तेलात, ना कुटात, ना जनावरांच्या आंबोणात. पेंड जनावरं खातात आणि तिच्यातलं अफलाटॉक्सिन दुधात उतरतं, म्हणून हे जास्त कळकळीने सांगते.

वर्षाचं तेल एकदम काढू नका. दोन महिने पुरेल एवढं काढा, बाकीचे दाणे शेंगेतच राहू द्या. तेल घरी आलं की काही दिवस हलवू नका, गाळ तळाला बसला की वरचं निवळ तेल स्टीलच्या डब्यात ओतून घ्या. गाळासकट वापरलं की लवकर धुरावतं आणि लवकर खवट होतं. डबा गॅसशेजारच्या कट्ट्यावर ठेवू नका.

ज्यांच्या शेंगा नाहीत आणि जे ‘लाकडी घाणा’ पाटी बघून तेल घेतात, त्यांच्यासाठी एक हिशोब. एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. बाजारातला दाण्याचा भाव अडीचपट करा आणि त्यातून दीड किलो पेंडीचे पैसे वजा करा. तेल त्याहून स्वस्त मिळत असेल, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असण्याची शक्यता धरा. सीलबंद आणि परवाना क्रमांक छापलेलं तेलच घ्या. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार राज्य सरकारने खास सूट दिल्याशिवाय खाद्यतेल सुटं विकता येत नाही.

पूर्वी ज्वारीच्या रानाला कडेने करडईचे तास असायचे आणि घरात तेच तेल. आता सगळीकडे सोयाबीन. करडईचं तेल हृदयाला सगळ्यात चांगलं म्हणतात, पुन्हा सुरू करावं का? (जत)

जरूर करा, पण योग्य जागी. काटेरी करडई रानाच्या कडेला लावली की जनावरं आत शिरत नसत आणि वर तेलही मिळायचं, अशी ती दुहेरी सोय होती. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर वर्षानुवर्षं काम केलं आणि बिनकाट्याचे संकरित वाणही काढले. हे पीक आपल्या भागात टिकावं, असं मला मनापासून वाटतं.

साध्या वाणांच्या करडई तेलात ७५ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं, घरात वापरल्या जाणाऱ्या तेलांत बहुधा सर्वांत जास्त. वनस्पती तूप, पाम तेल यांच्या जागी ते आलं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, हे खरं. पण हेच तेल तापवायला सगळ्यात नाजूक. न शुद्ध केलेलं करडईचं तेल शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की धुरावायला लागतं. म्हणून मोठ्या आचेवर परतायला किंवा तळायला ते नको. भाकरीबरोबरच्या लसणाच्या चटणीवर कच्चं घ्या, कोशिंबिरीत घ्या, मंद आचेवरच्या पालेभाजीला वापरा. बाटली लहान घ्या, कारण ते लवकर खवट होतं.

करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, तिन्हींत ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक चरबी) जवळजवळ नसतं. त्यासाठी रोज चमचाभर जवसाची चटणी खा, तीही ताजी कुटून. जवसाचं तेल मात्र तापवू नका. तुमच्या सोयाबीनलाही नावं ठेवू नका. त्याच्या तेलात सात टक्क्यांच्या आसपास ओमेगा-३ असतं. एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन, असं आलटून पालटून केलं तरी चालतं.

यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून मी भाजीत तेल घालणंच बंद केलंय, पण ते जेवत नाहीत आणि वजन उतरतंय. काय करू? (मिरज)

आधी भाजीत तेल घालायला लागा. हृदयरुग्णाला बिनतेलाचं खायला घालून अशक्त करणं बरोबर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर, पाच मिलिलिटरचे सहा छोटे चमचे. यात फोडणी, परतणं, पोळीवरचं तूप, सगळं आलं. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा कमी सांगितलं असेल तर तेच माप धरा, आणि उतरतं वजन त्यांच्या कानावर घालाच.

माप पळीने सांभाळलं जात नाही. सोमवारी सकाळी तुम्हा दोघांसाठी ४२० मिलिलिटर तेल वेगळ्या बाटलीत ओता आणि रविवारपर्यंत पुरवा. शनिवारीच संपलं, तर कुठे हात सैल झाला ते तुमचं तुम्हालाच दिसेल. चौघांच्या घराला याच हिशोबाने महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास तेल पुरतं आणि १५ किलोचा डबा चार महिन्यांहून जास्त चालायला हवा. बऱ्याच घरी तो दीड-दोन महिन्यांत रिकामा होतो. तेव्हा तेल कोणत्या कंपनीचं, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

कमी तेलात चव आणायला दोन चमच्यांत नीट फोडणी करा, कांदा-लसूण त्यातच परता, भाजी टाकून झाकण ठेवा आणि झाकणावर पाणी. भाजी लागायला लागली की तेच कोमट पाणी शिंपडा, तेल नको. आपल्याकडे कूट सढळ हाताने पडतं, तेही मोजा. दहा ग्रॅम कुटात पाच ग्रॅमच्या आसपास तेल असतं. मिसळीचा कट आणि फरसाण त्यांना सध्या देऊ नका. आणि पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. कोणत्याही वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतंच.

ऑलिव्ह ऑइल घ्यावं का? आणि तुपात परतलं तर? (सातारा)

ऑलिव्ह तेल चांगलंच आहे, मध्यम आचेवर परतायला चालतं, पण आपल्या जेवणाला त्याची गरज नाही. तेवढ्या पैशांत महिनाभराची फळं येतील. तूप ताप सोसतं, मात्र त्यात साठ टक्क्यांहून जास्त संतृप्त चरबी असते. वरण-भातावर चमचाभर घ्या. रोजची भाजी त्यात परतू नका.

दिवाळीत पुऱ्या-चकल्या तळून लिटरभर तेल उरतं. ते गाळून महिनाभर भाजीला आणि भडंगाला वापरते. चालेल ना? (सांगली)

महिनाभर नको. तळणीत तेल बराच वेळ तापलेलं असतं, त्यात पिठाचे कण जळलेले असतात आणि आतल्या आत त्याचं विघटन सुरू झालेलं असतं. हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातील एकूण ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडलं की तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली तर ते वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही, म्हणून सावधपणाच बरा. एकदा तळलेलं तेल गार करून बारीक गाळणीतून गाळा, पुन्हा तळणीला घेऊ नका, ताज्या तेलात मिसळू नका आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. रंग गडद झाला, चिकट फेस यायला लागला किंवा गॅसवर ठेवताच धुरावलं, तर ते गेलंच. मोरीत ओतू नका, नळ्या तुंबतात. बाटलीत भरून झाकण लावा आणि कचऱ्यात वेगळं द्या.

भडंगाला तर ताजंच तेल घ्या. चुरमुऱ्यांना लसूण-मिरचीइतकाच तेलाचा वास लागतो, आणि तळणीच्या तेलाचा वास डबा उघडला की पहिल्यांदा येतो. घाण्याचं शेंगदाणा तेल मंद आचेवर तापवून, लसूण लालसर होताच गॅस बंद करा आणि मगच तिखट घाला. उरायचा प्रश्न मुळातच कमी करायचा असेल, तर यंदा पसरट कढईऐवजी लहान, खोलगट कढई काढा. अर्ध्या लिटरभर तेलातही चकल्या बुडून तळतात. घाणे दोन-चार जास्त होतील, एवढंच.