रविवारचे दोन तास आणि मेथीची जुडी

प्रश्न : मी लातूरला राहते. वय ४२, पतसंस्थेत नोकरी. थोरली दहावीत, धाकटा सहावीत. पहाटे पाचला उठते, रात्री अकरापर्यंत पाठ टेकत नाही. माहेरी आमच्या दादांची घोडी होती, तिच्यावर बसून मी शेतात जायचे. मी नववीत असताना ती विकली. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या वरातीत नवरदेव उतरल्यावर घोडीच्या मानेवर सहज हात ठेवला आणि मला रडूच आलं. घोडीवाले मामा म्हणाले, "ये की बाई कधी घरी." तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन तास तिथं जाते. लीद काढते, खरारा करते, कडबा टाकते. घरी सांगते, बाजारात चालले. येताना मेथीची जुडी आणते आणि अंगाचा वास जावा म्हणून आल्याआल्या अंघोळ करते. एकदा घरात नुसता विषय काढला होता. यजमान म्हणाले, लाथ बसली तर लेकरांचं कोण बघणार? सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाला हे शोभतं का? परवा घोडी माझ्यासमोर चक्क आडवी होऊन झोपली. मी घाबरले, मामा नुसते हसले. मी लेकरांचा वेळ चोरतेय का? आणि तिला गूळ दिलेला चालतो का?

उत्तर : ताई, घोडी आडवी झाली हे तुम्ही जाताजाता लिहिलंत, पण मी तिथंच थांबले. माझे वडील परभणीत टांगा चालवायचे. शाळेत जायच्या आधी घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधायचं काम माझ्याकडे होतं. इतक्या वर्षांत तो माझ्यादेखत चार-दोनदाच आडवा झाला असेल, आणि त्या वेळी वडील आम्हा सगळ्यांना खुणेनंच गप्प करायचे. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, त्याच्या पायांची घडणच तशी आहे. पण खरी गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. जात पळून जीव वाचवणारी, त्यामुळे जमिनीवर अंग टाकणं म्हणजे त्याच्यासाठी जोखीम. आसपास कुणाची भीती वाटत असेल तर तो झोपेवाचून राहील, पण आडवा होणार नाही. तुमच्या घोडीनं तुम्ही तिथं असताना अंग टाकलं. मामा हसले ते म्हणून.

तरी एक लक्षात ठेवा. निवांत पडलेली घोडी आणि पोट दुखणारी घोडी वेगळी. ती सारखी उठबस करत असेल, लोळत असेल, मान वळवून कुशीकडे बघत असेल, घामाघूम झाली असेल किंवा लीद टाकत नसेल, तर मामांना हाक मारा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. घोड्याला ओकता येत नाही. पोटात अडकलेलं वरून निघायला वाटच नसते, म्हणून पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेततो.

आता चोरीचं. दहावीतल्या मुलीला रविवारी सकाळी सात ते नऊ आई उशाशी बसलेली लागत नाही. तिला नऊ वाजता घरी येणारी आई कशी आहे, याच्याशी घेणं असतं. तुम्ही लेकरांचं काही चोरलेलं नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

पण तुम्ही तिथं जाऊन करता काय, तर पुन्हा कामच. घासणं, झाडणं, चारा टाकणं. घरात त्याच कामांनी पाठ मोडते आणि तिथं हलकं वाटतं, हे कसं? मला वाटतं, घरी तुमचे हात पोळीवर असतात आणि डोकं पुढच्या तीन कामांत. घोडीजवळ ते जमत नाही. खरारा करताना मनात थकीत कर्जाची यादी आली की हात घाईत पडतो, तिची कातडी थरथरते, कान मागे जातात, ती एक पाऊल बाजूला सरते. मग तुम्हाला परत यावंच लागतं, त्या पाठीवर, त्या हातात. आठवड्याच्या १६८ तासांत हे दोनच तास तुम्ही पुरत्या एका जागी असता.

मला खटकते ती मेथीची जुडी. लातूर केवढं? एक दिवस कुणीतरी तुम्हाला मामांच्या दारात बघेल, घरी सांगेल, आणि ज्यात लाजण्यासारखं काहीच नाही ते लपवल्यामुळे लाजिरवाणं दिसेल. शिवाय घरात एक वयात आलेली मुलगी आहे. बाईला आवडणारी गोष्ट वासासकट धुऊन घरात यायची असते, हे तिनं तुमच्याकडून शिकू नये.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले की सांगून टाका. परवानगी मागू नका, सांगा. खोटं बोलल्याची माफी जरूर मागा, त्यांना ती मिळायला हवी. जाण्याची माफी मात्र मागू नका.

यजमानांची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. त्यांना एकदा सोबत न्या आणि तुम्ही कशा वागता ते दाखवा. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. लाथ बहुतेक वेळा त्या न दिसणाऱ्या जागेतून कुणी अचानक आलं की बसते. म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. मागून जायची वेळ आली तर एकतर चांगलं लांबून, नाहीतर अंगाला अगदी चिकटून, पाठीवर हात ठेवून. दोरीचा वेढा मनगटाला कधीच घ्यायचा नाही. चपला घालून जात असाल तर आजपासून बंद, पाय झाकणारे बूट घाला. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते बघा. लीद-मातीत हात घालणाऱ्याला ते हवंच.

सासूबाईंशी वाद घालू नका. अहिल्याबाई, ताराबाई यांचे दाखले देऊन त्यांना गप्प करता येईल, पण गप्प बसलेलं माणूस पटलेलं नसतं. मार्गशीर्षात त्यांना माळेगावला न्या. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याजवळच्या त्या यात्रेत खंडोबाचं दर्शन होईल, आणि देवळाबाहेर घोड्यांच्या रांगाच्या रांगा दिसतील. लोक अंगावरचे केसांचे भोवरे तपासतात, दात बघून वय ठरवतात, चाल बघायला घोडा पळवून आणायला सांगतात. आपला देवच घोड्यावर बसलेला आहे. तिथं त्यांना हात धरून हळू हळू फिरवा, काही समजवायला जाऊ नका.

मामांबद्दलही थोडं. तुम्ही पैसे देऊ केले आणि त्यांनी घेतले नाहीत, असंच झालं असणार. पण वरातीचा धंदा मोसमी. आषाढात लग्नं थांबली की तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांच्या हाती फारसं काही येत नाही, आणि घोडी खायची थांबत नाही. तेव्हा नोटा पुढे करण्याऐवजी कडब्याच्या शंभर पेंढ्या किंवा हरभऱ्याचं पोतं दारात उतरवा. ते नाही म्हणणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये पाण्याची टाकी भरलेली आहे का ते बघत जा. आपल्याकडच्या उन्हात घोडीला दिवसाला ३०-४० लिटर पाणी सहज लागतं. वरातीच्या रात्री डीजेच्या भिंतीपुढे तीन-तीन तास उभी राहून आलेली असेल, तर त्या रविवारी खरारा राहू द्या. नुसत्या जवळ बसा.

घोडीवर बसायचा विचार मनात आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाचताना कळलं. बसा. वय आड येत नाही. एक हिशेब पाळा : खोगिरासकट तुमचं वजन घोडीच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त नको. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर सगळं मिळून सत्तरच्या आत. डोक्याला हेल्मेट, आणि पहिले काही रविवार लगाम मामांच्या हातात. नववीतल्या मुलीचं अंग आता नाही, तोल नव्यानं शिकावा लागेल. मुलीनं यायचं म्हटलं तर आणा, पण तुम्ही होऊन आग्रह धरू नका. ते दोन तास आधी तुमचे आहेत.

राहिला गूळ. आधी मामांना विचारा. घोडी लठ्ठ असेल किंवा पूर्वी कधी खुरांना सूज आली असेल तर अजिबात नको. एरवी सुपारीएवढा खडा, तोही रोज नव्हे. गाजर दिलंत तर उभं चिरून द्या, गोल चकती घशात अडकते. आणि तळहात सपाट ठेवा, अंगठा बाजूला चिकटवून, म्हणजे ती नुसत्या ओठांनी उचलून घेईल.