कण्हेर तोडायची की मांजर बांधायचं?

बेळगावातल्या शहापूरच्या ताईंनी विचारलंय, भाड्याच्या घराच्या कंपाउंडला गुलाबी कण्हेर आहे, घरमालकीण काकू रोज देवाला फुलं नेतात, आता मांजराचं पिल्लू आणायचंय; काकूंना झाड तोडायला सांगावं का?

ताई, कण्हेर मांजराला विषारी आहे, यात दुमत नाही. पान, फूल, साल, मूळ, सगळंच. तिच्यातलं ओलिअँड्रिन नावाचं विष हृदयावर जातं. आधी लाळ, उलट्या, जुलाब; मग ठोके मंद नाहीतर वेडेवाकडे. तरी काकूंशी वाद घालू नका. झाडावरचं पान चामट आणि कडू, मांजर सहसा तोंड लावत नाही.

छाटणीच्या दिवशी मात्र सावध. पान वाळलं तरी विष राहतं, आणि वाऱ्यावर सरकणारं वाळकं पान दिसलं की पिल्लू झडप घालणारच. पाचोळा त्याच दिवशी उचला. बंबाखाली जाळू नका, धूरही बाधतो. रस्त्याकडेला टाकलात तर कुणाची तरी शेळी खाईल. आमच्या खानापूरकडं मांजरापेक्षा शेळ्या-गुरांचीच धास्ती जास्त. देवघरात फुलं तांब्यात ठेवत असाल तर ते पाणीही झाकून ठेवा. शेजारी पिवळ्या घंटेसारख्या फुलांची, पान तोडलं की पांढरा चीक गळणारी बिट्टी असेल तर तिलाही हेच सगळं लागू.

खरं सांगू? कण्हेरीपेक्षा मला भीती वाटते ती वाढदिवसाच्या बुकेतल्या लिलीची. एशियाटिक, ओरिएंटल, त्या मोठ्या फुलांच्या. अंगाला लागलेले परागकण मांजरानं चाटले तरी दोन-तीन दिवसांत किडन्या निकामी होतात. ती घरात आणूच नका. सदाफुलीही नको. मोगरा, जास्वंद, गुलाब खुशाल लावा.

मांजर हिरवं खाणारच, तेव्हा त्याला त्याचं काहीतरी द्या. पसरट कुंडीत मूठभर गहू पेरा, आठवड्याभरात कोंब येतात. जोंधळा नको, कोवळ्या जोंधळ्यानं गुरं दगावतात हे आपल्याकडं कुणालाही विचारा.

आणि खाल्लंच तर? मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका, दुधानं विष उतरत नाही, आणि घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही, तिच्यानंच मांजर मरतं. तोंडात अडकलेलं पान काढा, झाडाची फांदी पिशवीत घाला आणि लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर 'कणगिले' म्हणा, लगेच कळेल. रात्री आणि रविवारी मांजर बघणारं कोण आहे, एवढं पिल्लू आणायच्या आधी चौकशी करून नंबर फ्रिजवर चिकटवा.