कोल्हापुरात घरी बिअरची पहिली बॅच लावावी का? आधी आल्याच्या सोड्यावर हात बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत राहता, व्हिडिओ बघून 20 लिटर बिअर लावायचा बेत आहे, बादली आणलीय, यीस्टची पुडी ऑनलाइन मागवलीय. नवख्याचं नेमकं कुठं चुकतं?

बादली आणली तिथंच चुकलंय. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्याच्या लेखी बिअर ही दारूच, आणि 'घरच्यापुरती चार बाटल्या केल्या तर चालतंय' अशी सूट त्यात कुठंही नाही. आपल्याकडं प्यायलासुद्धा परवाना लागतो. बिअर शॉपीसमोर उभ्या असलेल्या निम्म्या गड्यांना हे माहीत नसतं, ती गोष्ट वेगळी. वर तुमची खोली भाड्याची. माल्ट उकळायला लागलं की वास तीन घरं ओलांडून जातो. मालकाला काय सांगणार, लापशी करतोय म्हणून?

तरीपण उत्तर लिहितोय, कारण जिथं चालतं तिथं मी बिअर केलेली आहे, आणि इथं चालेल असं काहीतरी त्यातूनच शिकलोय.

मी शिरोलीला फाउंड्रीत क्वालिटी बघतो. काही वर्षांपूर्वी कंपनीनं एका मशीनच्या ट्रेनिंगसाठी सात महिने जर्मनीत, बव्हेरियात धाडलं होतं. तिथं ज्याच्याकडं राहायला होतो तो रिटायर्ड फिटर. गॅरेजमध्ये बिअर लावायचा. तेव्हा तिथं घरच्यासाठी वर्षाला 200 लिटरपर्यंत करमुक्त करता यायची, फक्त आधी कस्टम्सच्या ऑफिसला कळवावं लागायचं. म्हातारा नेमानं कळवायचा. माझी पहिली बॅच त्याच्याच गॅरेजमधली.

मला वाटलेलं की काहीतरी अवघड रसायनशास्त्र असणार. तासाभरात मामाचं गुऱ्हाळ आठवलं. जवाला मोड आणून ते वाळवलं की माल्ट. ते भरडून 66 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर मुरवायचं. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार होतात, ती पिठाची साखर करतात. पाणी फार तापलं तर एन्झाइम्स मरतात, मग नुसती खळ हातात. गोड झालेलं पाणी गाळून घ्यायचं आणि उकळायला ठेवायचं. उकळी फुटायच्या बेताला वर तपकिरी फेसाचा जाड थर चढला, म्हाताऱ्यानं झारा घेतला, आणि मी थेट कागलकडच्या त्या गुऱ्हाळात, गुळव्याशेजारी. काहिलीत भेंडीचं चिकट पाणी सोडलं की मळी अशीच वर येते आणि गुळव्या अशीच ती काढत राहतो. फरक एवढाच की गुळव्याला पाणी उडवायचं असतं, बिअरवाला तासाभरात थांबतो. त्या तासात हॉप्स पडतात, म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदासारखी कुरकुरीत फुलं. सुरुवातीला टाकलेली कडवटपणा देतात, शेवटी टाकलेली वास.

गुळव्या चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. म्हाताऱ्याकडं त्यासाठी हायड्रोमीटर होता. दूध संस्थेत लॅक्टोमीटर बघितला असेल, त्याचाच हा भाऊ. साखर जास्त तर काचेची नळी वर तरंगते. साध्या पाण्याचा आकडा 1.000 धरला तर आमचा सुरुवातीला 1.050 होता, बिअर होऊन तो 1.012 च्या आसपास उतरला. मधला फरक यीस्टनं खाल्ला; हिशोब केला तर साधारण 5 टक्के अल्कोहोल. साखर खायची, त्यातून जवळपास निम्मं अल्कोहोल आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडायचा, यीस्टचं काम एवढंच. गंमत म्हणजे त्याच बव्हेरियात 1516 साली नियम केला होता की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी सोडून काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नावच नाही! बिअर जिच्यामुळं होते तीच यादीत नाही, कारण ती कोण आहे हे तेव्हा कुणाला कळलेलंच नव्हतं. ते नीट उलगडायला पाश्चरपर्यंत, म्हणजे साडेतीनशे वर्षं थांबावं लागलं.

आता माझी चूक. उकळलेला रस गार करत होतो, यीस्ट टाकायला 20 अंशांच्या जवळ आणायचा होता. थर्मामीटर म्हाताऱ्याच्या हातात. मी काय केलं, तर पातेल्यात बोट बुडवून बघितलं. आई दही लावताना बघते तसं. लहानपणापासून डोळ्यांनी तेच बघितलेलं, बोट आपोआप गेलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यात थुंकलोय. बारा दिवसांनी चव घेतली तर आंबट ढाण. दह्याच्या पाण्यात कडू काढा कालवावा तशी. बोटामुळंच झालं की रस ओढायच्या नळीमुळं, देव जाणे. मी बोटालाच धरतो. म्हातारा एक शब्द बोलला नाही. वीस लिटर त्यानं मोरीत ओतली आणि मला ब्रश देऊन बादली घासायला बसवलं.

स्वच्छ आणि निर्जंतुक यातला फरक मला त्या दिवशी कळला. उकळेपर्यंत काहीही चालतं, उकळी जवळपास सगळं मारते. गार झाल्यानंतर त्या रसाला जे जे लागणार, चमचा, नळी, झाकण, बाटली, ते सगळं निर्जंतुक हवं. भांड्याच्या साबणानं भांडं नुसतं चकाचक होतं. बाकी नवख्याच्या चुका, म्हणजे दर चार तासांनी झाकण उघडून बघणं किंवा घाईनं बाटल्या भरणं, या सगळ्या धीर नसल्याच्या. त्यावर औषध नाही.

कोल्हापूरची आणखी एक अडचण. साध्या एल यीस्टला, म्हणजे घरी बिअर करणारे बहुतेक जण वापरतात त्या यीस्टला, 18 ते 22 अंश मानवतात. आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी पारा पस्तिशीच्या पुढं जातो. इतक्या उकाड्यात यीस्ट उधळते, आणि रंग पातळ करायच्या थिनरसारखा वास बिअरला येतो. म्हणजे कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी वेगळ्या फ्रिजशिवाय तुमची पहिली बॅच प्यायच्या लायकीची व्हायची शक्यता कमीच.

म्हणून मी इथं आल्यावर आलं धरलं. विनोद नाही, खरंच आल्याची बिअर, जिंजर बिअर. नाव बिअर असलं तरी दोन दिवसांत फ्रिजमध्ये टाकली तर ती आल्याचा सोडाच असते, आणि यीस्ट सांभाळायची सगळी शिकवणी त्यात होते.

आधी विरजण करायचं. काचेच्या बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी, त्यात सालासकट किसलेलं आलं चमचाभर आणि साखर चमचाभर. साल काढू नका, रानटी यीस्ट सालीवरच असते. वर फडकं बांधायचं, घट्ट झाकण नाही. रोज चमचा चमचा आलं-साखर खायला घालायची. थंडीत आठवडा लागतो, उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी कानाशी धरली की चुरचुर ऐकू येते, तव्यावर थेंब पडल्यासारखी. बुरशी धरली किंवा वास घाण आला तर सरळ ओतून द्या, वरचा थर काढून वापरू नका.

मग दोन लिटर पाण्यात 100 ग्रॅम ठेचलेलं आलं आणि 200 ग्रॅम गूळ उकळायचा. गूळ बिनरसायनाचा, काळपट घ्या. पिवळाधमक दिसतो तो मी घेत नाही. गूळ विरघळला की मलमलच्या फडक्यातून गाळायचा. तळाला जी माती-भुस्सा बसते ती बघून आपण इतकी वर्षं काय खातोय असा विचार येईल, तो सोडून द्या. पूर्ण गार झाल्यावर दोन लिंबं पिळायची आणि विरजणाचं गाळलेलं पाणी अर्धा कप घालायचं. बोट घालायचं नाही.

बाटल्या प्लॅस्टिकच्याच, कोल्ड्रिंकच्या. हे मी कळवळून सांगतोय. पहिल्या उन्हाळ्यात हौसेनं काचेच्या देखण्या बाटल्या आणल्या, भरल्या आणि कट्ट्यावर मांडून ड्यूटीवर गेलो. दुपारी आईचा फोन. "तुझा तो जर्मन सोडा फुटला रं. देवघरापर्यंत काचा आल्यात." घरी येऊन बघतो तर एक बाटली फुटताना शेजारच्या दोघींना घेऊन गेलेली, भिंतीवर गुळाचे ओघळ आणि त्यावर मुंग्यांची रांग. आई त्या वेळी बाहेर कपडे वाळत घालत होती म्हणून बरं. ओतकामात गॅस आत अडकला तर ब्लो होल, म्हणजे धातूत पोकळी पडते, कास्टिंग भंगारात जातं. दिवसभर दुसऱ्याला हेच शिकवणारा मी घरी काचेत गॅस कोंडून गेलो होतो. गोटी सोड्याची बाटली हातात घेऊन बघा, काच किती जाड असते ते. ती उगाच नसते.

प्लॅस्टिकची बाटली भरताना वर चार बोटं जागा सोडायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ दाबून बघायची. दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. माझ्याकडं मे महिन्यात हे एका दिवसात होतं, डिसेंबरात दोन-अडीच. फ्रिजमध्येही यीस्ट मरत नाही, डुलकी घेते, म्हणून आठवड्यात संपवायची. बाहेर जास्त ठेवलीत तर अल्कोहोल चढत जातं. अन्नसुरक्षेच्या नियमात 0.5 टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्यात धरतात, आणि मग तुम्ही परत त्याच कायद्याच्या दारात. इतकं थोडं अल्कोहोल घरी नेमकं मोजता येत नाही, म्हणून दिवस मोजायचे. लहान पोरांना मी ती देत नाही.

कुणीतरी खाली विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: असल्या आंबवण्यानं डोळे जात नाहीत. विषारी दारूत माणसं मरतात ती मिथेनॉलनं, आणि ते बहुतेक वेळा कारखान्याच्या वापरातलं मिथेनॉल मिसळल्यानं. 2015 ला मुंबईत मालवणीत शंभरावर माणसं तशीच गेली. पण म्हणून कधी गंमत म्हणूनही भट्टी लावून काही गाळायला जाऊ नका. ते कायद्यानं गुन्हा आहेच, शिवाय ती वाफ गॅसच्या शेगडीपाशी पेट घेते.

तुमच्या यीस्टच्या पुडीचं म्हणाल तर विरजणाला धीर नसेल तेव्हा त्यातले मोजून दहा-बारा दाणे दोन लिटरला पुरतात. चवीला रानटी विरजणाची मजा येत नाही, पण बिघडत नाही. उरलेली पुडी फ्रिजमध्ये टाका, पावाच्या पिठालाही चालते, फक्त फुगायला वेळ घेते. आणि तांबड्या रश्श्याबरोबर ही जिंजर बिअर पिऊ नका. तिखट, आलं आणि गॅस एकत्र आले की घशातून धूर निघतो. पांढऱ्याबरोबर मात्र झकास लागते.