हिस्पॅनिक हेरिटेज मंथ: सोम्ब्रेरो आणि टाको सोडून शाळेत काय करता येईल?

ताई, मुलीच्या शाळेतल्या हिस्पॅनिक हेरिटेज मंथचा (अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांच्या वारशाचा महिना) कार्यक्रम पीटीओने, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेने, तुमच्या गळ्यात मारलाय, कमिटी म्हणतेय टाको बार लावू आणि पोरांना सोम्ब्रेरो (रुंद काठाच्या मेक्सिकन टोप्या) आणि खोट्या मिशा देऊ, आणि तुम्हाला ते खटकतंय. खटकलं ते बरंच झालं, मिशा तर आधी रद्द करा. मी शिकागोजवळ ऑरोरात राहते, आमच्या शाळेत स्पॅनिश बोलणारी घरं भरपूर, त्यामुळे या भानगडीत बरेचदा पडलेय म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

सगळ्या लॅटिनो लोकांची एकच ढोबळ पार्टी करू नका, एखादा देश धरा. तारखाच बघा ना, महिना १ तारखेला नाही तर १५ सप्टेंबरला सुरू होतो, कारण ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका यांचा तो स्वातंत्र्यदिन (१८२१ चा), मग १६ ला मेक्सिको, १८ ला चिली. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या काळात नुसता आठवडा होता, १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने महिना केला. आणि कमिटीतल्या कुणी सिंको दे मायो (५ मे) म्हणजे मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असं म्हटलं तर सांगा की ती १८६२ ची पुएब्लाची लढाई, फ्रेंचांविरुद्धची.

देश कुठला ते तुमच्या वर्गातल्या घरांवरून ठरवा. साल्वाडोरची दोन-तीन घरं असतील तर पुपुसा (सारण भरलेली मक्याची जाड भाकरी) आणि सोबत कुर्तिदो (कोबीचं आंबट लोणचं), व्हेनेझुएलाची असतील तर आरेपा (मक्याच्या पिठाची जाड भाकरी). त्या आयांना आधी प्लॅनिंगमध्ये घ्या हो, शेवटच्या आठवड्यात "काहीतरी बनवून आणाल का" असा मेसेज टाकू नका. तमाले (मक्याच्या सालात गुंडाळून उकडलेलं सारण भरलेलं पीठ) घरी करायचे म्हणजे अख्खं घर कामाला लागतं, मक्याची सालं भिजवा, पीठ फेटा, एकेक भरून गुंडाळा, मग उकडा. पीटीओकडे बजेट असतंच, जवळच्या बायकांना नाहीतर दुकानाला रीतसर ऑर्डर द्या. त्याआधी मुलीला घेऊन एकदा पानादेरियात (मेक्सिकन बेकरीत) जाऊन या, दारातच गोल ट्रे आणि चिमटा उचलायचा आणि कपाटांतून आपल्या हाताने निवडत जायचं, वर शिंपल्यासारखी साखरेची नक्षी असलेला गुलाबी-पिवळा पाव दिसेल ती कोंचा, पोरांना तीच हवी असते.

खेळ म्हणाल तर लोतेरिया. आपला हाउझीच म्हणा, फक्त आकड्यांऐवजी चित्रं, ५४ पत्ते आणि प्रत्येकाकडे चार बाय चारची पाटी, एल गायो म्हणजे कोंबडा हा १ नंबर. पत्ता पुकारला की चित्रावर राजमाचा दाणा ठेवायचा. पुकारायला एखाद्या आजोबांना बसवा, ते प्रत्येक चित्रावर काहीतरी चावट जोडून म्हणतात, स्पॅनिश न कळणारी पोरंही हसतात.

मोठ्या वर्गांसाठी सिल्विया मेंडेझची गोष्ट मला सगळ्यात आवडते. कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टरला १९४० च्या दशकात तिची आत्या सगळ्या पोरांना शाळेत घालायला घेऊन गेली, आत्याच्या गोऱ्या दिसणाऱ्या मुलांना प्रवेश मिळाला आणि सिल्विया आणि तिच्या भावांना मेक्सिकन शाळेत जा म्हणाले. वडील कोर्टात गेले आणि १९४७ मध्ये अपिलातही जिंकले, तेही ब्राउन खटल्याच्या (सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल) सात वर्षं आधी. वेगळ्या शाळांचा कायदा रद्द करणाऱ्या बिलावर सही करणारे तेव्हाचे गव्हर्नर अर्ल वॉरन, आणि पुढे ब्राउनचा निकाल लिहिणारेही तेच. बेसबॉलवेड्यांना रोबेर्तो क्लेमेन्ते द्या, पोर्तो रिकोचा, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना १९७२ च्या ३१ डिसेंबरला विमान पडून गेला.

"यात आपलं काय?" असं घरातून कुणी विचारलं (आमच्याकडे सासूबाईंनी विचारलं होतं) तर साबुदाण्याची खिचडी दाखवा. साबुदाण्याचा कसावा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणे-बटाटे तिकडचेच, मिरची मेक्सिकोची, म्हणजे आपली एकादशी चालते कुणाच्या जिवावर बघा. दसऱ्याचा झेंडूसुद्धा मूळ मेक्सिकोचा. आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर पार्टीतले (परदेशातल्या भारतीयांची स्वातंत्र्यासाठीची संघटना) क्रांतिकारक, मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायचे आणि मक्यावर काम करायचे, प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना रंगवलंय. हे इथल्या मराठी पोरांना कुणी सांगतच नाही!

दिया दे लोस मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस, मात्र या महिन्यात घुसडू नका, तो १-२ नोव्हेंबरला असतो आणि तो हॅलोविन नाही, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या मांडतात. तेव्हा शिकागोतल्या पिल्सन भागातल्या नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टला जा, तिकीट नाही आणि दरवर्षी त्याचं मोठं प्रदर्शन असतं.

शाकाहारी असाल तर ऑर्डर देताना "मान्तेका आहे का" हे नक्की विचारा, म्हणजे डुकराची चरबी. नुसत्या मिरची-चीजच्या तमालेच्या पिठातही ती बहुतेकदा असते, बीन्समध्येही. तेलातले वेगळे करून देतात, फक्त दोन दिवस आधी सांगावं लागतं.